टाळ डाव्या हातात

(दृश्य: पंचवटीतलं घर, पहाट. पलंगाच्या कडेवर बसलेले अण्णा. कॅमेरा त्यांच्या डाव्या हातावर.)

हा हात माझ्या वडिलांचा, अण्णांचा. डावा. उजवा मांडीवर नुसता पडून आहे. समोर आई बसलीये. तिने त्यांचा डावा हात धरलाय आणि ती तो गादीवर हलकेच टेकवते. एकदा, मग पुन्हा एकदा. पहिल्या ठोक्याला सूर खाली, दुसऱ्याला वर. "पा... णी." अण्णा तिच्या ओठांकडे बघतात. "पा..." आणि मग बराच वेळ काहीच नाही. काळारामाच्या देवळाकडून काकड आरतीचे आवाज येतायत. आई घाई करत नाही. ती हात पुन्हा उचलते.

"णी," अण्णा म्हणतात. वरच्या सुरात.

दीड वर्षापूर्वी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला होती, त्यामुळे उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आपण बोललेलं त्यांना कळायचं. नातवाचं नाव घेतलं की डोळे भरायचे. पण स्वतःचा शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा, आणि त्या अडण्याचा त्यांना इतका संताप यायचा की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, याला अफेजिया म्हणतात. मराठीत वाचाघात.

आठव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मोबाइलवर भजन लावलं. आणि अण्णा गायला लागले. अख्खं ध्रुवपद, शब्दासकट, चालीसकट. आई तर रडायलाच लागली. तिला वाटलं, वाचा परत आली. भजन संपल्यावर तिने विचारलं, "अहो, चहा घेता ना?" अण्णांनी तोंड उघडलं, आणि त्यातून "चहा" काही आला नाही.

(दृश्य: मेंदूचं चित्र, डावी बाजू रंगवलेली.)

असं होतं, आणि ते फार पूर्वीपासून माहीत आहे. बोलता न येणारा पण चर्चमधली स्तोत्रं म्हणू शकणारा माणूस अठराव्या शतकातच स्वीडनमध्ये नोंदवला गेला होता. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये दाखवलं की शब्द घडवण्याचं काम मेंदूच्या डाव्या भागात पुढच्या बाजूला चालतं. गाण्याचं तसं नाही. सूर, ठेका आणि वर्षानुवर्षं घोकलेल्या ओळी यांत मेंदूचे कितीतरी भाग भाग घेतात, उजवी बाजूही. म्हणून बोलण्याचा रस्ता खचला तरी गाण्याचा उरतो.

या उरलेल्या रस्त्याने बोलणं परत आणता येईल का, हा प्रश्न अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी घेतला आणि १९७३ मध्ये एक पद्धत मांडली. रोजच्या गरजेचा छोटा शब्द घ्यायचा. तो दोनच सुरांत म्हणायचा, एक खालचा, एक वरचा. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका द्यायचा. आधी दोघांनी मिळून, मग रुग्णाने एकट्याने. पुढे सूर हळूहळू काढून घ्यायचा, म्हणजे शेवटी साधं बोलणं उरतं. यातला गुण सुराचा जास्त की ठेक्याचा, यावर संशोधकांचे वाद आहेत. माझी आई त्या वादात पडत नाही. तिने स्पीच थेरपिस्टकडून हे शिकून घेतलं आणि रोज पहाटे अर्धा तास ती बसते.

एक सांगायला हवं. अण्णांना भजनं ऐकवणं वेगळं आणि हे वेगळं. भजन ऐकून त्यांना बरं वाटतं, झोप लागते, तेही मोलाचं आहे. पण उपचार म्हटला की त्यात उद्दिष्ट असतं, मोजमाप असतं, शिकलेला माणूस असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांत वादक जाऊ लागले, सैनिकांना गुण दिसला, आणि मग हे शास्त्र म्हणून शिकवायची गरज वाटली. त्यातून १९५० मध्ये तिथे म्युझिक थेरपिस्टची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

(दृश्य: गोदाघाट. काठी टेकत चालणारे अण्णा, शेजारी फिजिओथेरपिस्ट.)

आता चालणं. अण्णा टाळकरी. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला कितीतरी वाऱ्या केलेल्या. पाय दुखतात, फोड येतात, पण टाळ वाजत असला की पाऊल आपोआप पडतं, असं ते म्हणायचे. फिजिओताईंनी नेमकं तेच हाताशी धरलं. आधी त्यांनी अण्णांची पावलं मोजली. मिनिटाला अठ्ठेचाळीस. मोबाइलवर तेवढाच ठेका लावला, टक, टक, टक. पाऊल त्यावर नीट पडायला लागल्यावर ठेका बावन्नवर नेला. अशी वाढ साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या बेताने करतात. कानाला ठेका मिळाला की मेंदू पुढच्या ठोक्याची वाट बघतो आणि स्नायू आधीच तयारीला लागतात. अमेरिकेतल्या मायकेल थॉट यांच्या गटाने १९९० च्या दशकात लकवा आणि पार्किन्सनच्या रुग्णांवर याचे अभ्यास केले. पार्किन्सनमध्ये तर आतलं घड्याळच बिघडतं, तिथे बाहेरचा ठेका आधाराच्या काठीसारखा उपयोगी पडतो.

तिसऱ्या आठवड्यात आईने मोबाइल बंद केला आणि कपाटातले टाळ काढले.

पालखीच्या वाटेवर सिन्नर लागतं. यादवांची सुरुवातीची राजधानी, गोंदेश्वराच्या देवळाचं गाव. पुढे यादव देवगिरीला गेले, आणि तेराव्या शतकात त्यांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि वैद्यकही जाणणारा. त्याच्या ग्रंथात सुरांच्या आधी शरीर येतं. गर्भ कसा वाढतो, अवयव कुठले, नाड्या कुठल्या, हे सांगून मग तो नादाकडे वळतो. गाणं देहातून निघतं, तर आधी देह समजून घ्या, ही त्याची मांडणी मला आजही थक्क करते.

(दृश्य: इस्पितळाचा व्हरांडा. चेहरे दिसत नाहीत.)

लकव्यापुरतंच हे नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. जवळपास सात हजार रुग्ण. ऑपरेशनच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्यांना वेदना कमी, धास्ती कमी, वेदनाशामक औषधंही कमी लागली. हेलसिंकीत २००८ मध्ये लकव्याच्या रुग्णांना दोन महिने रोज त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं, तर त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली आणि मनही कमी खचलं. अमेरिकेत ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आईबापांच्या पसंतीची अंगाई, मंद आवाजात, जिवंत गळ्यातून. बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर, दूध ओढण्यावर, झोपेवर चांगला परिणाम दिसला.

हेलसिंकीच्या अभ्यासात मला 'त्यांच्या आवडीचं' हे शब्द महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे मोबाइलवर याद्या फिरतात: हा राग रक्तदाबावर, तो राग मधुमेहावर. कळकळीने सांगते, त्या यादीच्या भरवशावर कुणाचीही गोळी बंद करू नका. अण्णांच्या रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकलेल्या नाहीत. आणि सतार शांत असते म्हणून ती सगळ्यांना लावू नका. ज्याचं आयुष्य ढोलपथकात गेलं, त्याला ढोलाचा ठेका द्या. रुग्णाला विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर घरच्यांना विचारा.

राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. ढोल नाशिकचा, दिंड्या नाशिकच्या, कीर्तनकार गल्लोगल्ली. तरी लकव्याचा रुग्ण घरी सोडताना गाण्याबद्दल आम्हाला कुणी चकार शब्द बोललं नाही. आईला ते तीन महिन्यांनी, योगायोगाने कळलं. पहिल्या महिन्यांत मेंदू सर्वांत जास्त सावरतो, आणि आमचे ते महिने भिंतीकडे बघण्यात गेले. याची चुटपुट जात नाही. वॉर्डातल्या नर्सला, फिजिओला, घरच्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात शिकवता येईल. खर्च म्हणाल, तर टाळांची एक जोडी.

(दृश्य: पुन्हा तेच घर, तीच गादी.)

"पाणी" आता सुराशिवाय येतं. "चहा" येतो. आईला ते नावाने हाक मारायचे नाहीत, "अगं" म्हणायचे. ते "अगं" गेल्या महिन्यात आलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती आणि तिला ऐकूच गेलं नाही. मी पळत जाऊन सांगितलं.

या आठवड्याचं वाक्य अण्णांनी स्वतः निवडलंय, भिंतीवरच्या निवृत्तीनाथांच्या तसबिरीकडे बोट दाखवून. आई डावा हात धरते. खाली, वर, वर, खाली.

"त्र्यं... बक... ला..."

'जायचं' अजून येत नाही. आई हात पुन्हा उचलते.