आवाज ऐकून घरी येणारे मासे

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक आवाज ऐकवतो. रेडिओ थोडा मोठा करा आणि पंखा जोरात असेल तर क्षणभर कमी करा.

(ध्वनी : निरोगी प्रवाळभित्ती, रात्रीची वेळ. पंधरा सेकंद.)

कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा हा तडतडाट आहे ना, तो समुद्राच्या तळाशी चाललेला आहे. मधूनच गुरगुर ऐकू येते, टकटक ऐकू येते, ते मासे. आणि तडतड करते ती एक बोटभर कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ही नांगी ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो. आपण ऐकला तो या बुडबुड्याचा आवाज. अशा असंख्य कोळंब्या प्रवाळाच्या सांदीकपारीत राहतात, आणि रात्री तर त्यांना ऊत येतो. प्रवाळ म्हणजे पोवळं, तळाला चिकटून राहणारा बारीक जीव; त्याच्या सांगाड्यांचा खडक म्हणजे प्रवाळभित्ती.

इथे एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. समुद्राखालच्या फिल्म बघताना सगळीकडे व्हायोलिन वाजत असतं. इतका बोलका समुद्र, आणि त्याच्या अंगावर आपण आपलं संगीत ओततो. पाच मिनिटं तरी नुसतं पाणी ऐकवा. लोक ऐकतील, मला खात्री आहे.

असो. हे आवाज माशांना ऐकू येतात का? येतात. ढोमा किंवा घोळ साफ करताना डोक्यातून निघणारे पांढरे खडे तुम्ही पाहिले असतील. लहानपणी आपण ते गोळा करायचो. ते खडे म्हणजे माशाच्या कानाचा भाग. माशाला बाहेरून कान दिसत नाही, पण आत खडा असतो आणि त्यावर तो ऐकतो. प्रवाळात राहणाऱ्या माशांनाही असेच खडे असतात, आकाराने अगदी बारीक.

आता मुख्य गोष्ट. प्रवाळात राहणाऱ्या बहुतेक माशांची पिल्लं प्रवाळात वाढत नाहीत. अंड्यातून निघाली की ती उघड्या समुद्रात वाहून जातात. कोणी दहा-बारा दिवस, कोणी कित्येक आठवडे तिकडेच राहतं. मग नखाएवढं ते पिल्लू बहुधा काळोख्या रात्री घर शोधत परत येतं. मैलोन्‌मैल पाणी, अंधार, दिसत काही नाही. वास मदत करतो, आणि मदत करतो तो आवाज. म्हणजे आत्ता आपण ऐकलं ते त्या पिल्लांसाठी बोलावणं आहे.

आणि नेमकं हेच बोलावणं बंद पडत चाललं आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे, पाणी तापतंय. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद अंश जरी जास्त राहिलं आणि तसं काही आठवडे टिकलं, तरी प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो. रंग त्या शेवाळाचा, आणि बहुतेक अन्नही तेच पुरवतं. प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाही तर मरतो. मग मासे जातात, कोळंबी जाते आणि जागा गप्प होते.

आता मला सांगायला सर्वांत आवडते ती गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळभित्तींची लांबच लांब रांग आहे. तिच्या उत्तरेकडच्या भागात लिझर्ड नावाचं छोटं बेट आहे, तिथे एक संशोधन केंद्र आहे. या बेटावर संकटांची रांगच लागली. 2014 साली इटा चक्रीवादळ, 2015 साली नेथन चक्रीवादळ, आणि 2016 साली उष्णतेची लाट. त्या एका वर्षात ग्रेट बॅरियर रीफवरचा उथळ पाण्यातला सुमारे 30 टक्के प्रवाळ मेला, आणि सर्वांत जास्त मार बसला तो उत्तरेला. स्टीव्ह सिम्पसन आणि टिम गॉर्डन हे इंग्लंडमधले संशोधक तिथे पाण्याखाली मायक्रोफोन सोडून वर्षानुवर्षं ऐकत होते. वादळांच्या आणि त्या उन्हाळ्याच्या आधीची रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होती आणि नंतरचीही. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये भित्ती स्पष्टपणे शांत झाली होती. आणि हा शांतपणा ऐकवला, तर पिल्लंही त्याच्याकडे कमी येत होती.

मग 2017 च्या शेवटी, पिल्लं परतण्याच्या हंगामात, त्यांनी काय केलं? उघड्या वाळूवर मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचे छोटे छोटे ढीग रचले. काही ढिगांजवळ पाण्याखाली चालणारे लाऊडस्पीकर ठेवले आणि त्यावर निरोगी भित्तीचा आवाज लावला. जो आवाज आत्ता तुम्ही ऐकलात, त्याच जातीचा. काही ढिगांजवळ नुसतेच खोटे स्पीकर ठेवले, कारण मासे आवाजाला येतात की त्या नव्या वस्तूच्या आडोशाला येतात, हे कळायला हवं ना? आणि उरलेले ढीग तसेच सोडले, काहीही न ठेवता.

विचार करा, श्रोतेहो. खाली मेलेलं प्रवाळ, त्यात जिवंत काही नाही, आणि रात्रीच्या काळोखात तिथून एका गजबजलेल्या वस्तीचा आवाज येतोय. बाहेरच्या समुद्रातून येणाऱ्या नखाएवढ्या पिल्लाच्या कानातला खडा हलतो, आणि ते वळतं.

हे 40 दिवस चाललं. 40 दिवसांनी मोजणी केली. आवाज असलेल्या ढिगांवर बाकीच्यांच्या दुप्पट मासे होते. दुप्पट! आणि माशांच्या जातीही दीडपट. त्यात शेवाळ खाणारे होते, पाण्यातले सूक्ष्म जीव टिपणारे होते, दुसऱ्या माशांना खाणारे शिकारीही होते. म्हणजे एखाद्याच जातीची झुंबड उडालेली नव्हती, तिथे मोहल्ला वसत होता. आणि मासे डोकावून निघून गेले नाहीत, राहिले. 2019 साली हा निबंध प्रसिद्ध झाला. तो वाचला त्या दिवसापासून भेटेल त्याला मी हे सांगत आलो आहे. आवाजाच्या माध्यमात काम करणाऱ्या माणसाला याहून मोठी बातमी कोणती?

पुढे कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवर असाच प्रयोग खुद्द प्रवाळाच्या पिल्लांवर झाला. त्यांना कान नाहीत, तरीही निरोगी भित्तीचा आवाज लावल्यावर ती सरासरी 1.7 पट जास्त संख्येने तळाला चिकटली.

आता पुन्हा सांगतो, कारण इथे गैरसमज होतो. स्पीकरने मासे येतात, पण स्पीकरने पाणी थंड होत नाही. मासे आले की मेलेल्या प्रवाळावर वाढणारं शेवाळ खातात, जागा साफ ठेवतात आणि नव्या प्रवाळाला बसायला वाव मिळतो, एवढी मदत होते. ही मदत मोठी आहे. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तापलं तर? 2023 पासूनच्या जागतिक लाटेत जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला घातक उष्णता सोसावी लागली आहे. कोळसा आणि तेल जाळणं कमी करण्याला स्पीकर हा पर्याय नाही.

आपल्या मालवणलाही प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्केलिंगला गेलात तर मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात. कृपा करून टाकू देऊ नका. शेवाळ खरवडून पोट भरणाऱ्या माशाला पाव कशाला? आणि बोटवाल्याला सांगा, प्रवाळाजवळ इंजिन हळू. लिझर्ड बेटाजवळच असंही दिसलं आहे की मोटरबोटी फिरत असताना शिकारी मासे पिल्लांचा दुपटीहून जास्त फडशा पाडतात.

शेवटी लक्षद्वीप. तिथे 1998, 2010, 2016 आणि 2024 असे उष्णतेचे तडाखे बसले. 1998 नंतर तिथल्या बऱ्याच भित्ती सावरल्या, आणि त्याचं एक मोठं कारण पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो शेवाळ खरवडतो, दगडासकट चावतो आणि वाळू करून सोडतो. तो तिथे भरपूर राहिला, कारण बेटकरी पिढ्यान्‌पिढ्या काठी आणि गळ घेऊन बाहेरच्या समुद्रातला कुपा, म्हणजे ट्यूना, पकडत आले. भित्तीवरच्या माशांवर त्यांनी फारसा हात टाकला नाही. तरीही 24 वर्षांच्या पाहणीत जिवंत प्रवाळ सुमारे 37 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आला, कारण दोन तडाख्यांमधली उसंत पुरेना. त्यात अलीकडे भित्तीवरच्या माशांनाही बाहेरून मागणी येऊ लागली आहे. पाणी थंड करणं बेटकऱ्यांच्या हातात नाही. पोपटमासा पाण्यात ठेवणं मात्र आहे, आणि तिथे जाणाऱ्या प्रवाशांच्याही. ताटात काय हवं असं विचारलं, तर कुपा मागा. तिथे तो ताजा मिळतो.

नमस्कार.