नदीतल्या डीएनएची मोजदाद

[दृश्य: संगम पुलाजवळ मुळा आणि मुठेचं पाणी एकत्र येतंय. हातमोजे घातलेली एक विद्यार्थिनी काठावरून बाटलीत पाणी भरून घेते.]

पुण्यातल्या या संगमावर एक बाटली पाणी घेतलं, तर त्यात किती जातींचे जिवाणू असतील? नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे सांगता येत नाही. त्यातले बरेचसे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतही नाहीत. म्हणून पाणी गाळतात, गाळणीवर राहिलेल्या पेशींमधला सगळा डीएनए एकत्रच काढतात आणि डीएनए वाचणाऱ्या सिक्वेन्सिंग मशीनला देतात. मशीनमधून बाहेर येतात ए, सी, जी, टी या चार अक्षरांचे तुकडे. एकेक तुकडा साधारण १५० अक्षरांचा. त्याला रीड म्हणतात. असे कोट्यवधी रीड येतात, आणि कुठला रीड कोणत्या जिवाणूचा, याची काहीच खूण नसते.

इथून पुढे पहिलं काम असतं मोजण्याचं.

[पडद्यावर: जी ए टी टी ए सी ए. तीन अक्षरांची चौकट एकेक अक्षर पुढे सरकते.]

या सात अक्षरांवरून तीन अक्षरांची चौकट सरकवत नेली, की पाच तुकडे मिळतात: जीएटी, एटीटी, टीटीए, टीएसी, एसीए. ठरावीक लांबीच्या अशा तुकड्यांना के-मर म्हणतात. प्रत्यक्षात लांबी बहुतेकदा २१ किंवा ३१ अशी विषम घेतात. डीएनएला दोन साखळ्या असतात. समोरची साखळी उलट्या दिशेने वाचली, तर सम लांबीचा एखादा के-मर जसाच्या तसा निघू शकतो. विषम लांबीत ते घडत नाही. ३१ लांबी धरली तर १५० अक्षरांच्या एका रीडमधून १२० के-मर निघतात.

कुठला के-मर किती वेळा आला, एवढंच मोजायचं. पण त्या आकड्यांवरून जीनोम, म्हणजे एखाद्या जीवाचा संपूर्ण डीएनए, केवढा आहे याचा अंदाज बांधता येतो, त्यातला कोणता भाग पुन्हा पुन्हा येतो ते कळतं, आणि मशीनने चुकीची वाचलेली अक्षरं पकडता येतात.

आता थोडं गणित करू. नदी क्षणभर बाजूला ठेवून माणसाचा जीनोम घेऊ. सुमारे ३०० कोटी अक्षरं. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली, तर ९,००० कोटी अक्षरं, म्हणजे ६० कोटी रीड, म्हणजे ७,२०० कोटी के-मर. मशीन हजारात एक अक्षर चुकतं असं धरलं, तर चुका झाल्या ९ कोटी. आणि एक चुकलेलं अक्षर आपल्याभोवतीचे ३१ पर्यंत के-मर बिघडवतं. म्हणजे जगात कुठेच नसलेले असे २७९ कोटींपर्यंत खोटे के-मर तयार होऊ शकतात. जीनोममध्ये जेवढे खरे आहेत, जवळजवळ तेवढेच!

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर मेमरीचा आलेख वर चढत जातो. प्रोग्रॅम बंद पडतो.]

खरेखोटे मिळून ५०० कोटी वेगवेगळे के-मर धरू. एकेक साठवायला ८ बाइट, म्हणजे नुसत्या नावांनाच ४० जीबी मेमरी. मोजलेले आकडे वेगळे, हे सगळं ज्या तक्त्यात ठेवायचं त्या हॅश टेबलमधली रिकामी जागा वेगळी. १६ जीबीचा लॅपटॉप इथेच मान टाकतो.

पुण्याला मोठ्या संगणकांचं अप्रूप नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना इथे १९८८ साली झाली, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. आज पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. त्याचा अभिमान वाटतोच. पण संगमावर बाटली भरणाऱ्या मुलीच्या टेबलावर परम ब्रह्म नसतो. तिच्याकडे असतो तो लॅपटॉपच. तिचं काम त्यावर व्हायला हवं, आणि ते होतं. कमी मेमरीत मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचं मोल मला म्हणूनच इतकं वाटतं.

एक वाट डिस्कची. २०१३ साली गिओम रिझ्क, डॉमिनिक लाव्हेनिए आणि रायन चिखी यांनी डीएसके हा प्रोग्रॅम मांडला. सगळे के-मर एकदम मेमरीत आणायचेच नाहीत. डिस्कवर गट पाडायचे आणि एकेक गट आणून मोजायचा. एकच के-मर दोन गटांत जाणार नाही, एवढी व्यवस्था असली की उत्तर अचूक येतं. मानवी जीनोमचे २७ लांबीचे सगळे के-मर त्यांनी फक्त ४ जीबी मेमरीत मोजले. डिस्क लागली १६० जीबी, वेळ जवळपास १८ तास. पोलंडच्या केएमसी या प्रोग्रॅमनेही डिस्कचाच आधार घेतला आणि वेग पुष्कळ वाढवला.

दुसरी वाट ब्लूम फिल्टरची. बर्टन ब्लूम यांनी ती १९७० सालीच दाखवून ठेवली होती, तेव्हा डीएनएचा काही संबंधच नव्हता. वस्तू साठवायचीच नाही. ती येऊन गेल्याच्या खुणा तेवढ्या बिटांवर करायच्या. न आलेला के-मर आलेला वाटणं, अशी शंभरात एखादी चूक चालणार असेल, तर एका के-मरला सुमारे १० बिट पुरतात, मग त्याची लांबी कितीही असो. २०११ सालच्या बीएफकाउंटरने ही युक्ती अशी वापरली: के-मर पहिल्यांदा दिसला की फक्त खूण करायची, दुसऱ्यांदा दिसला तरच टेबलात जागा द्यायची. एकदाच येणारे बहुतेक के-मर चुकीचे असतात, ते बाहेरच राहतात.

[दृश्य: पुन्हा संगम. पाण्यात जलपर्णी, काठाला साचलेला फेस.]

माणसाच्या जीनोमसाठी हे ठीक. या पाण्यासाठी मात्र जपून. इथे सांडपाण्यातले जिवाणू रग्गड असतात. त्यांचे के-मर शेकड्यांनी येतात. पण एखादा दुर्मीळ जिवाणू इतका थोडा असतो, की त्याचा खरा के-मरही एकदाच दिसतो. एकदा आला म्हणून टाकला, तर ज्याच्यासाठी बाटली भरली तोच हातचा गेला.

मिशिगन स्टेट विद्यापीठात टायटस ब्राउन यांच्या गटापुढे हाच प्रश्न मातीच्या नमुन्यांनी उभा केला होता. त्यांनी ख्मेर नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या मुळाशी आहे काउंट-मिन स्केच, ग्रॅहॅम कॉर्मोड आणि एस. मुथुकृष्णन यांनी २००५ साली मांडलेली रचना.

[पडद्यावर: घरांच्या चार रांगा. एक के-मर येतो, प्रत्येक रांगेतलं एकेक घर उजळतं.]

काउंटरच्या काही रांगा असतात, समजा चार. के-मर आला की ठरलेलं सूत्र प्रत्येक रांगेतलं एक घर दाखवतं, आणि त्या चारही घरांत एक मिळवायचा. के-मरचं नाव कुठेच लिहायचं नाही. दोन वेगळे के-मर कधी एकाच घरावर येतात, आणि तिथला आकडा फुगतो. फुगतो, घटत कधीच नाही. म्हणून विचारताना चारही घरं पाहायची आणि सर्वांत लहान आकडा खरा धरायचा. चूक होते ती एकाच दिशेने, जास्त मोजण्याच्या. दुर्मीळ जिवाणू नजरेतून निसटत नाही. मला यातलं हे सगळ्यात आवडतं.

याच आधारावर त्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. रीड येईल तसा तपासायचा. त्यातले के-मर आधी किती वेळा आले ते आकडे क्रमाने लावायचे, आणि मधोमधचा आकडा २० किंवा जास्त असेल, तर तो रीड टाकून द्यायचा. नाहीतर ठेवून घ्यायचा. गर्दीतले कमी होतात, एकटे टिकतात. नंतर रीड एकमेकांना जोडून जीनोम उभा करायला बसलं की ओझं कितीतरी हलकं झालेलं असतं.

ख्मेर मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. चालवण्यापूर्वी किती मेमरी द्यायची ते विद्यार्थिनी स्वतः ठरवते, आणि प्रोग्रॅम तेवढ्यातच राहतो. मोजून झालं की खोट्या खुणांचं, म्हणजे न आलेला के-मर आलेला वाटण्याचं, प्रमाण किती, याचा अंदाज तो छापतो. ते प्रमाण फार वाढलं असेल तर टेबल अपुरं पडल्याचं सांगून थांबतो. मग मेमरी वाढवून पुन्हा चालवायचं, आणि शेवटी प्रबंधात जिवाणूंच्या आकड्यांशेजारी ते प्रमाणही लिहायचं.