पेटी शोधली आणि क्युबेक सापडलं

(कॅमेरा सुरू. मागे उघडी खिडकी, बाहेर पाऊस. टेबलावर जुनी पेटी.)

नमस्कार मंडळी. मागं जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, माइक खराब झालेला नाही. कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या ह्या खोलीत खिडकी लावून शूट करायचं म्हटलं तर दहा मिनिटांत मीच उकडून निघेन, म्हणून उघडीच ठेवलीय. आजच्या विषयाला पाऊस चालतो: शांत, स्वप्नाळू प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, आणि त्याच्या शेजारचं इंग्लंडातलं लोकसंगीत.

विषय माझ्या पदरात पडला तो एका चुकीतून. आमचे आबा, म्हणजे आजोबा, तालमीतल्या भजनात पेटी वाजवतात. ही बघा, त्यांचीच. (पेटी पुढं ओढतो) भात्याला इथं कोपऱ्यात चिकटपट्टी लावलीय, तरी हवा सुटतेच. तर त्यांना एखादं चांगलं पेटीवादन ऐकवावं म्हणून मी मोबाइलवर शोधलं, ‘हार्मोनियम’. आणि आलं काय? कॅनडातल्या क्युबेक प्रांतातला, फ्रेंचमध्ये गाणारा एक बँड. नावच हार्मोनियम. १९७५ चा अल्बम. अल्बमचं नाव एवढं लांबलचक आहे की मी उच्चारायच्या भानगडीत पडत नाही, अर्थ सांगतो: ‘आपल्याला पाचवा ऋतू लागला तर’. पाच गाणी. चार ऋतूंची चार आणि पाचवं त्या नसलेल्या ऋतूचं, १७ मिनिटांचं. आणि सगळ्या अल्बमभर ड्रम्स नाहीत. एकही नाही.

आबांनी तो ऐकला. काय म्हणाले ते शेवटी सांगतो, कारण आत्ता सांगितलं तर तुम्ही व्हिडिओ बंद कराल.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की लोकांना पंधरा पंधरा मिनिटं चाललेली गिटारची कुस्ती आठवते. ती आहेच. पण त्याच मोठ्या वाड्यात मागच्या बाजूला एक शांत सोपा आहे. तिथं बारा तारांची गिटार, बासरी, हळू आवाजातलं गाणं. आणि त्या सोप्याला लागूनच इंग्लंडातल्या लोकसंगीतवाल्यांचं घर. मधलं दार उघडं. साधारण १९६८ ते १९७५ या काळात तीच माणसं या घरातून त्या घरात जा-ये करत होती. मला सांगायचंय ते एवढंच, की हे अल्बम शोधायचे असतील तर माणसांच्या मागं जा. ‘रिलॅक्सिंग म्युझिक’ नावाच्या त्या तयार याद्या असतात ना, त्यांच्या नादाला लागू नका. त्या याद्या तुम्हाला झोपवतात. आपल्याला जागं राहून ऐकायचंय.

आता माणसांच्या मागं म्हणजे कुणाच्या? हे आपल्याला शिकवायला नको खरं तर. आपलं गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. मैफलीची पत्रिका हातात आली की आमचे आबा गायकाचं नाव नंतर वाचतात. आधी खालची ओळ बघतात: साथीला कोण? तबल्यावर कोण, पेटीवर कोण. साथीदार ओळखीचा असला की नवख्या गायकालाही जातात. तेच इथं करायचं. अल्बमच्या मागची बारीक अक्षरातली नावं वाचा. ॲपमध्ये बऱ्याचदा गाण्याशेजारच्या तीन टिंबांत ती सापडतात.

पण आधी एका वाद्याच्या मागं जाऊ, कारण माझा धागा तिथून सुरू झाला. त्या हार्मोनियम बँडमध्ये मला व्हायोलिनचा अख्खा ताफा ऐकू येत होता, आणि नावं वाचली तर व्हायोलिनवाला कुणीच नाही. तो होता मेलोट्रॉन.

(पेटीची एक पट्टी दाबून धरतो.) हे ऐका. भाता हलतोय तोवर सूर सुटत नाही. मनात येईल तेवढा धरा. मेलोट्रॉनचं तसं नाही. वॉशिंग मशीनएवढी लाकडी पेटी, वर पियानोसारख्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. १९७० साली आलेल्या एम ४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या, म्हणजे ३५ फिती. फितीवर खऱ्या वादकानं वाजवलेला एकच सूर, व्हायोलिनचा, बासरीचा, साधारण ८ सेकंदांचा. पट्टी दाबली की फीत हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकते, मोटर तिला ओढते, सूर वाजतो. बोट उचललं की स्प्रिंग तिला खाडकन मागं खेचते. आणि ८ सेकंद झाले की तुम्ही कितीही दाबून धरा, सूर गप्प. मग वादक काय करणार? सारखं बोट उचलून पुन्हा ठेवणार. वर ती मोटर, ती काही अगदी एका वेगानं फिरत नाही. म्हणून सूर किंचित हेलकावतो. घरातल्या लग्नाची जुनी कॅसेट, ओल लागलेली, लावून बघा. सनई कशी डुलते? अगदी तसं. या संगीताला लोक ‘स्वप्नाळू’ म्हणतात त्यातला निम्मा भाग या मशीनच्या खोडीचा आहे.

मेलोट्रॉनच्या मागं गेलो की रस्ता किंग क्रिमसन या इंग्लिश बँडकडं जातो. ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’, १९६९. पहिलं गाणं विसर्जनाच्या रात्री डॉल्बीसमोर उभं राहिल्यासारखं आहे. घाबरून बंद करू नका, सरळ दुसऱ्यावर या: ‘आय टॉक टू द विंड’. यातली बासरी खरीखुरी, इयान मॅकडोनल्डची. मेलोट्रॉनवालाही तोच. इथं मी वाजवून दाखवू शकत नाही, कॉपीराइटचा दंडुका बसतो, पण व्हिडिओ थांबवून ऐकून या. थांबतो मी.

आलात? आता मधलं दार बघा. हेच गाणं आदल्या वर्षी, किंग क्रिमसन हे नावही नव्हतं तेव्हा, घरच्या टेपवर जूडी डायबल नावाची बाई गायली होती. ही जूडी आली कुठून? फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमधून, म्हणजे लोकसंगीताच्या घरातून. तिच्या जागी तिथं आली सँडी डेनी. १९६९ चा ‘लीज अँड लीफ’ ऐका, त्यात सँडीचा आवाज आहे. सँडी त्याआधी स्ट्रॉब्ज नावाच्या बँडबरोबर गात होती. त्याच स्ट्रॉब्जमध्ये पुढं रिक वेकमन कीबोर्डला होता, तो १९७१ ला यस या बँडमध्ये गेला. आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याच स्ट्रॉब्जमध्ये कीबोर्डवर येऊन बसला रॉबर्ट कर्बी.

कर्बी हा माझा आवडता साथीदार. केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना त्यानं एका मित्राच्या गाण्यांना व्हायोलिन-चेलोची साथ लिहून दिली. मित्राचं नाव निक ड्रेक. अल्बम ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’, १९६९. सिगारेटच्या कागदाचं पाकीट संपत आलं की आत ‘पाच कागद शिल्लक’ अशी चिठ्ठी निघायची, नाव तिथून घेतलंय.

यातलं ‘वे टू ब्लू’ लावा. गिटारसुद्धा नाही. नुसता निकचा आवाज आणि कर्बीनं लिहिलेली तंतुवाद्यं. मग ‘रिव्हर मॅन’. याची साथ मात्र कर्बीनं लिहिली नाही, आपल्याला जमणार नाही म्हणाला, म्हणून हॅरी रॉबिन्सनला बोलावलं. कर्बी का बिचकला ते मांडीवर हात ठेवून मोजा म्हणजे कळेल. एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार पाच. पाच मात्रा. आपल्याकडं झपताल लहानपणापासून कानावर असतो, त्यामुळं आपला हात सहज पडतो. तालाचं हे कोडं जाणवतच नाही, नदी वाहतेय एवढंच जाणवतं. मी हे पहिल्यांदा रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसून ऐकलं. पाण्याकडं बघत. एकदाच ऐकायचं ठरवून गेलो होतो, शेंगा संपल्या तरी उठलो नाही.

निकनं तीनच अल्बम केले. शेवटचा ‘पिंक मून’, १९७२, दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केलेला. खोलीत तो आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड, बस्स. अर्ध्या तासाच्या आत संपतो. १९७४ ला निक गेला, वय २६. जिवंत असताना त्याला फारसं कुणी ऐकलं नाही. म्हणून त्याचं सगळं संगीत दुःखी आहे असं लोक सांगतात. मला नाही पटत. ‘पिंक मून’ला मी जड मानतो, पण ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’मध्ये एक निवांतपणा आहे. मरणाची बातमी माहीत असल्यावर आपण ती प्रत्येक सुरात ऐकायला लागतो, तो आपला दोष.

त्याच अल्बमवर उभा बास वाजवणारा डॅनी थॉम्पसन. आपल्या वाद्याला त्यानं नाव ठेवलं होतं, व्हिक्टोरिया. त्याच्या मागं जा. तो पेंटँगल या बँडमध्ये होता, त्यांचा १९६९ चा ‘बास्केट ऑफ लाइट’ सापडेल. आणि जॉन मार्टिनचा ‘सॉलिड एअर’, १९७३. त्याचं शीर्षकगीत निक ड्रेकला उद्देशून लिहिलंय, निक हयात असताना. रात्री अकरानंतर ऐका, त्याआधी नको.

कर्बीच्या मागं गेलात तर व्हॅष्टी बनियन भेटेल. ही बाई १९६८ ला घोडागाडी घेऊन लंडनच्या बाजूनं स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडं निघाली. जवळपास दीड वर्ष लागलं. वाटेत जी गाणी सुचली त्यांचा अल्बम झाला ‘जस्ट अनदर डायमंड डे’, १९७०. कुणी विचारलं नाही. तिनं गाणं सोडलं, संसार केला. २००० साली अल्बम पुन्हा निघाला, लोक वेडे झाले, आणि दुसरा अल्बम आला २००५ ला. पस्तीस वर्षांनी! आवाज तसाच, कुजबुजल्यासारखा.

पलीकडच्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या घरातलं आता भरभर. जेनेसिस या बँडचा ‘ट्रेसपास’, १९७०: बारा तारांच्या गिटारी एकात एक गुंफलेल्या, फक्त शेवटचं ‘द नाइफ’ अंगावर येतं, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्यातला अँथनी फिलिप्स त्यानंतर बँड सोडून गेला. त्याचा १९७७ चा ‘द गीस अँड द घोस्ट’ मला ‘ट्रेसपास’पेक्षाही आवडतो. कॅमल या बँडचा ‘द स्नो गूज’, १९७५, शब्दांशिवायचा. सगळे त्याचं कौतुक करतात. छान आहे, पण माझं लक्ष मध्येच उडतं.

आणि एक जर्मन बँड. पोपोल वू, ‘होसियाना मंत्र’, १९७२. त्यातला फ्लोरियन फ्रिके हा मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं अवाढव्य यंत्र, वाजवणारा माणूस. त्यानं तो बाजूला ठेवला आणि पियानोवर बसला. सोबत ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य, एका बाईचा उंच आवाज आणि खाली तानपुरा. तानपुऱ्यांसाठी नावाजलेलं मिरज आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, आणि तानपुऱ्याचा हा वापर मला कळला म्युनिकच्या एका माणसाकडून. पण याला आपलं संगीत म्हणू नका हं. तानपुरा आहे, राग नाही. मागं पियानोचे स्वरमेळ सारखे बदलत राहतात, आपला गवई अशानं हैराण होईल.

ऐकताना ॲपमधलं ते शफल बंद करा. हे अल्बम सलग बांधलेले आहेत.

हां, आबा. सगळं ऐकवलं नाही, ते १७ मिनिटांचं शेवटचं गाणं लावलं, ब्लूटूथ स्पीकरवर. पेटी त्यांच्या मांडीशीच होती. मेलोट्रॉन सुरू झाला तसे कान टवकारून म्हणाले, “हिचाबी भाता फुटलाय काय रं?” मग गप्प. पाचेक मिनिटांनी एक एक पट्टी चाचपत त्यांनी सूर शोधला आणि हळूच धरून ठेवला. डोळे मिटलेले. दहा मिनिटं झाली असतील, डोळे न उघडताच विचारलं, “तबलेवाला कवा यायचा?”

म्हटलं, “येणारच नाही आबा. ह्यांच्यात तबला नाहीच.”

“बरं झालं,” म्हणाले, “आमचाबी कधी येळेवर येत न्हाई.”