ऊसतोड टोळीचं रक्त घेतलं, रिपोर्ट कुणाला दिला?

दिवाळी उरकली की वाळवा, पलूस, कडेगाव, तिकडं कराडपर्यंत कृष्णाकाठच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसायला लागतात, वर भांडीकुंडी, सरपण, शेळी, पोरंबाळं. बीड, जालना, अहिल्यानगरकडनं, आणि आपल्याच जत भागातनं सुद्धा टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या टाकतात, चार-पाच महिने राबतात. पट्टा पडला की माळ परत रिकामा.

या व्हिडिओत आपण त्यांच्या रक्ताच्या आणि लघवीच्या सॅम्पलबद्दल बोलणार आहोत. मुलूख सोडून आलेला माणूस, मग तो ऊसतोडीला आलेला असो नायतर युद्धातनं जीव वाचवून पळालेला असो, संशोधनासाठी सॅम्पल देतो तेव्हा कुणाच्या भरवशावर देतो, आणि त्याच्या पदरात पुढं काय पडतं?

सॅम्पल लागतंच कशाला, असं वाटेल. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर हे मध्य अमेरिकेतले ऊस पिकवणारे देश, तिथं फडात काम करणारी तरुण माणसं किडनी निकामी होऊन मरायला लागली, ना शुगर ना बीपी, कारणच कळेना. मग निकाराग्वात संशोधकांनी त्याच त्या कामगारांचं रक्त आणि लघवी हंगामाच्या आधी एकदा आणि शेवटाला एकदा तपासली, तर एवढ्या काही महिन्यांतच किडनीचं काम मंदावलेलं दिसलं, आणि कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांपेक्षा रानात राबणाऱ्यांचं जास्त. ऊन आणि पुरेसं पाणी न पिता केलेली ढोरमेहनत हे मोठं कारण मानतात आता. पाणी, सावली, मधे मधे विश्रांती, हे तिथल्या काही कारखान्यांनी कामाच्या वेळापत्रकात घातलं ते यातनंच. कामगारांनी दोनदा सुई टोचून घेतली म्हणून ते दिसलं, नायतर दिसलंच नसतं.

आता आपला फड बघा. उजाडायच्या आत तोडणी सुरू, दिवसभर ऊन, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाईला तर स्वयंपाक, पाणी, पोरं हे सगळं त्याच्या वर. या माणसांची किडनी कुणी तपासू नये असं मी मुळीच म्हणणार नाय, तपासलीच पाहिजे.

पण विचारायचं कुणाला? इथं खरी मेख आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हलता येत नाय, खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा ठिकाणी संशोधक आला, त्यानं कारखान्याची परवानगी घेतली, शेतकी ऑफिसनं मुकादमाला फोन केला, आणि मुकादम म्हणाला चला सगळ्यांनी हात पुढं करा, तर नको म्हणायची हिंमत कोण करंल? कागदावर पन्नास अंगठे येतील पण ती संमती नाय, माझ्या मते तो हुकूम आहे. आणि यातल्या बायकांना दवाखान्याचा अनुभव काय आहे ते पण ध्यानात घ्या. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढायच्या ऑपरेशनांचं प्रकरण २०१९ ला गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बाईनं सुई बघून चार प्रश्न विचारले तर तिला अडाणी म्हणू नका.

नियम आहेत आपल्याकडं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्थलांतरित आणि निर्वासितांना जास्त जपायच्या गटात धरतात. समजेल अशा भाषेत सांगायचं, वाचता येत नसंल तर तटस्थ साक्षीदार हजर पाहिजे, आणि कधीही माघार घ्यायची मोकळीक. ज्याच्या हातात उचलीची वही आहे तो तटस्थ कसा होईल?

निर्वासितांची भीती अजून वेगळी. ब्रिटनमध्ये २००९ ला सीमा खात्यानं आश्रय मागणाऱ्या आफ्रिकन लोकांचा डीएनए, केस, नखं तपासून हा माणूस खरंच सोमालियाचा का शेजारच्या देशाचा हे ठरवायचा प्रयोग काढला, शास्त्रज्ञांनीच ओरड केली की विज्ञानानं असं देश ठरत नसतो, आणि २०११ ला तो गुंडाळला. अमेरिकेत २०२० पासून इमिग्रेशनच्या ताब्यातल्या लोकांचा डीएनए सरकारी गुन्हेगारी डेटाबेसमध्ये जातोय. एवढं बघितल्यावर निर्वासित माणूस थुंकीची नळी भरून द्यायला कचरला तर नवल काय.

तरी त्याच ब्रिटनमध्ये दुसरं पण घडलंय. पूर्व लंडनमध्ये २०१५ च्या सुमारास जीन्स अँड हेल्थ नावाचं काम सुरू झालं, बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांसाठी. दवाखान्यात तर गेलेच पण मशिदीत, लायब्ररीत, बाजारात जाऊन लोकांशी बोलले, आणि पन्नास हजारांहून जास्त लोकांनी लाळ दिली. हे लई मोलाचं आहे, कारण २०१८ पर्यंत जगातल्या असल्या जनुकीय अभ्यासांत सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्या भारतीय उपखंडात साधारण शंभरात चार जणांत हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जीनमधला एक तुकडा गायब असतो, पुढं हार्ट फेल व्हायचा धोका वाढतो, २००९ ला ते छापून आलं. गोऱ्यांचंच रक्त तपासत बसले असते तर हे कुणाला कळलं असतं?

आता रिपोर्टचं. जानेवारीत वाळव्यात रक्त घेतलं, मिरजेला नायतर पुण्याला लॅबमध्ये गेलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात साचणारा घटक, वाढलेलं निघालं, रिपोर्ट तयार व्हायला एप्रिल उजाडला, आणि बाई तोवर शिरूर कासारच्या पुढं कुठंतरी वस्तीवर. सॅम्पल डीप फ्रीजरमध्ये उणे ८० ला वर्षानुवर्षं नीट राहील, बाईची किडनी तेवढी थांबणार नाय. म्हणून गावाकडचा पत्ता, घरातल्या कुणाचा तरी नंबर, तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई, हे सुई टोचायच्या आधी लिहून घ्यायला पाहिजे, आणि रिपोर्ट तिथंवर पोचवायचा खर्च संशोधनाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासनं धरायला पाहिजे.

आणि बघणाऱ्यातल्या कितीतरी जणांचे भाऊ, चुलते विटा, आटपाडी, खानापूरकडनं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, गेलेत, केरळ, तमिळनाडू, पार बंगालपर्यंत, दिवसभर ॲसिडचा धूर आणि भट्टी. उद्या तिथं कुणी त्यांच्या छातीचा, रक्ताचा अभ्यास करायला आलं आणि मल्याळममधला फॉर्म समोर ठेवून सही मागितली, तर त्यांना फोन करून एवढं सांगा की मराठीत समजावून सांगणारा माणूस मागा, सॅम्पल कुठं ठेवणार ते विचारा, आणि रिपोर्ट विट्याच्या पत्त्यावर येणार का ते लिहून घ्या.