बाटलीत जीपीएस घालून समुद्रात सोडलं तर प्रवाह कळेल का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "किनाऱ्याजवळचे छोटे भोवरेच बघायचेत ना, मग बाटलीत जीपीएस घाला आणि द्या सोडून, एवढा खटाटोप कशाला?" तर आज त्यावरच बोलू.

बेसिक पटकन उरकतो, बहुतेकांना माहितीच आहे. मोठे भोवरे शंभर-दोनशे किलोमीटरचे असतात, महिनोन्महिने टिकतात, पाण्याच्या उंचीतल्या फरकावरून उपग्रहाला दिसतात. आपले छोटे म्हणजे शंभर मीटर ते दहा किलोमीटर, काही तासांत नाहीतर फार तर काही दिवसांत विरून जाणारे. डिसेंबर 2022 मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह बराच बारीक बघतो, पण त्याच मार्गावर परत यायला त्याला 21 दिवस लागतात, तोवर भोवरा कधीच गेलेला असतो. किनाऱ्यावरचं एचएफ रडार, म्हणजे रेडिओ लहरींनी पाण्याचा वेग मोजणारं यंत्र, तासातासाला नकाशा देतं, पण त्याचा एकेक चौकोन सहसा एक ते सहा किलोमीटरचा, त्यात छोटा भोवरा हरवूनच जातो. म्हणून ड्रिफ्टर सोडावे लागतात, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारं आणि स्वतःची जागा कळवणारं यंत्र.

आणि इथेच ती बाटली आडवी येते. बाटली पाण्याबरोबर जात नाही हो, ती वाऱ्याबरोबर जाते! अर्धी बाहेर असते ना ती. म्हणून ड्रिफ्टरला खाली ड्रोग लावतात, पाण्यात लटकणारा कापडाचा नाहीतर प्लास्टिकचा मोठा पसारा, तो पाण्यात रुतून बसतो आणि वरच्या डबीला ओढून नेतो.

"वाऱ्याने असा किती फरक पडणार" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, तर हिशोबच करू. पाण्यावरचा तेलाचा तवंग वाऱ्याच्या साधारण 3 टक्के वेगाने सरकतो, बाटलीचंही ढोबळमानाने तेवढंच धरू. वारा सेकंदाला 10 मीटर असेल तर झाले 30 सेंटिमीटर. आणि भोवऱ्यात पाणी फिरत असतं सेकंदाला 20 सेंटिमीटरने! म्हणजे जे मोजायचंय त्यापेक्षा चूकच मोठी, भोवरा दिसणारच नाही, नुसती सरळ रेघ येईल आणि तुम्ही म्हणाल इथे भोवरा नाहीच.

मी बोटीवरून ड्रोगवाला आणि बिनड्रोगचा असे दोन्ही शेजारी शेजारी सोडलेले बघितलेत. बिनड्रोगचा उड्या मारत वाऱ्याबरोबर निघून गेला, दुसरा फेसाच्या रेघेपाशी रेंगाळला आणि हळूहळू वाऱ्याच्या विरुद्ध वळला. पाणी एकच, गोष्टी मात्र दोन वेगळ्याच.

आणि ड्रोग लावला म्हणजे झालं असंही नाही. 2016 मध्ये मेक्सिकोच्या आखातात लेझर नावाच्या प्रयोगात हजारेक ड्रिफ्टर सोडले होते, हिवाळी वादळांत त्यातल्या बऱ्याच जणांचे ड्रोग तुटले, मग कोणाचा शाबूत आणि कोणाचा गेला हे डेटावरून हुडकून काढावं लागलं. ड्रोग तुटला तरी जीपीएस चालूच राहतं, ठिपके येतच राहतात, फक्त ते आता वाऱ्याचे असतात. मला राग येतो तो ह्याचा, की लोक नकाशावर सुंदर रेघा टाकतात आणि ड्रोगबद्दल चकार शब्द नसतो!

एकाने विचारलंय की स्वस्तात काहीच जमणार नाही का? जमेल की! 1948 मध्ये रिचर्डसन आणि स्टॉमेल ह्या दोघांनी पार्सनिपचे तुकडे, म्हणजे गाजरासारखं एक कंदमूळ, पाण्यात टाकून ते एकमेकांपासून कसे लांब जातात ते मोजलं आणि पेपर लिहिला. कंद जवळजवळ सगळा बुडलेला राहतो, वाऱ्याला धरायला काही मिळत नाही. संत्र्याचंही तसंच. म्हणजे मुद्दा पैशाचा नाहीच, पाण्यावर किती डोकं बाहेर आहे त्याचा आहे.

शेवटचा प्रश्न, जागा किती वेळाने नोंदवायची? एक किलोमीटर रुंद भोवरा धरा, घेर साधारण 3.14 किलोमीटर, 20 सेंटिमीटरच्या वेगाने एक फेरी साडेचार तासांच्या आतच होते. तासाला एक ठिपका घेतलात तर गोलाच्या जागी वाकडातिकडा चौकोन येईल. दर मिनिटाला घेतलात तर ड्रिफ्टर सरकतो 12 मीटर आणि जीपीएसच पाच-दहा मीटर इकडेतिकडे करतं. म्हणून पाच ते दहा मिनिटं ठेवा, बॅटरीही पुरते.