साडेचारशे किलोंचा हिशेब

(माहितीपटाचे निवेदन.) स्लोव्हेनियातलं आयडोव्श्चिना. इटलीची सीमा जवळच. डोंगरावरून उतरणारा हा वारा ‘बुर्या’, भरधाव ट्रकसुद्धा आडवा करणारा. युगोस्लाव्हियाच्या काळात इथली काही हौशी मंडळी दिवस मावळताना मोटर लावलेले त्रिकोणी हँगग्लायडर गुपचूप उडवायची. लोक म्हणायचे, वटवाघळं निघाली! इव्हो बोस्कारोल यांनी १९८९ साली कंपनी काढली, तिचं नाव त्यावरूनच पडलं: पिपिस्ट्रेल, म्हणजे वटवाघळाची एक जात.

हे त्यांचं अतिहलकं विमान ‘सिनस’. १९९५ सालचं. दोन माणसं, शेजारी-शेजारी.

या विमानाची खरी आखणी वजनाच्या काट्यावर झाली. अतिहलक्या विमानाला तेव्हा युरोपात मर्यादा होती ४५० किलोंची. दोन माणसांचे धरा १६० किलो. ५० लिटर पेट्रोलचे ३६. उरले २५४. पंख, शेपटी, इंजिन, चाकं, खुर्च्या, सगळं त्यातच बसवायचं.

आता हा साचा बघा. कार्बन फायबरचं कापड अंथरलंय, वर रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारी राळ. रेझिन जास्त झालं तर ताकद वाढत नाही, नुसतं वजन वाढतं. म्हणून हा हात इतका जपून फिरतोय. पंखाची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी घडते, मग मधे तुळई घालून दोन्ही चिकटवतात. वरून बोट फिरवा, कुठे रिव्हेट लागणार नाही.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ मीटर. पंख लांब आणि अरुंद असला, की टोकाशी उठणारे हवेचे भोवरे विमानाला कमी मागे खेचतात. पण लांब पंख वाकतोही जास्त. तुळई भक्कम करावी, तर पुन्हा वजन. कार्बन कामी आला तो इथे. मागच्या कडेची ही हलणारी पट्टी फ्लॅपरॉन. उतरताना दोन्हीकडची खाली, वेगात किंचित वर, वळताना एक वर, एक खाली. तीन कामांना एकच पट्टी! डिझाइन म्हणतात ते याला.

इंजिन रोटॅक्स ९१२, ८० अश्वशक्तीचं. थोराड इंजिन लावलं की आखणीतल्या चुका झाकता येतात. इथे ती सोय नाही.

आणि आता इंजिन बंद. प्रोपेलरची पाती वाऱ्याकडे कड करून उभी राहिली.

(निवेदन थांबते. फक्त वाऱ्याचा आवाज.)

२००४ साली वैमानिक माटेव्झ लेनार्चिच यांनी सिनसमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. याच विमानाचे पंख आखूड करून ‘व्हायरस’ही आलं. २०१५ साली भारताने आपल्या हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी त्यातली १९४ विमानं मागवली. आपल्याकडे त्याचं नाव ‘गरुड’.

खाकी गणवेशातली ही कॅडेट आता पट्टा आवळतेय.