पाण्यातून सायकलवर

(पडद्यावर दोन चित्रफिती शेजारी-शेजारी. दोन्हीकडे पाण्याखालून घेतलेलं दृश्य.)

डावीकडे बघा. हात पाण्यात शिरतो, कोपर वर राहतं, बोटं खाली वळतात आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात पाण्याला धरून मागे रेटतो. आता उजवीकडे. इथे कोपर आधीच पडलंय. हात फिरतोय, पण पाणी पकडीत येत नाही, नुसतं बोटांमधून निसटून जातं.

दोन्ही फितींमध्ये माणूस एकच आहे. डावीकडे तो ताजातवाना पाण्यात उतरलाय. उजवीकडे येण्याआधी त्याने तासभर वजनं उचलून खांदे दमवलेत.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत. तिची तयारी करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: पोहणं आठवड्यात बसवायचं कुठे? सायकलिंगच्या आधी की धावण्यानंतर? उत्तर एका दुसऱ्या प्रश्नात आहे. आज पाण्यात कशासाठी उतरताय? शिकायला, की दमलेले पाय मोकळे करायला?

शिकायला असेल, तर दिवसाचा पहिला व्यायाम पोहण्याचाच हवा. पाणी हवेपेक्षा जवळजवळ 800 पट दाट असतं. त्यात वेग दुप्पट करायला गेलात, तर विरोध साधारण चौपट होतो. म्हणून नुसत्या ताकदीवर पाण्यात फार पुढे जाता येत नाही. शरीर किती आडवं, किती सरळ राहतं, यावर सगळा खेळ आहे. आणि दमलेलं शरीर चुकीचा हात मारतं. तोच चुकीचा हात हजार वेळा मारला की अंगवळणी पडतो, मग तो मोडायला महिने लागतात. वजनं उचलायचीच असतील, तर ती पोहून झाल्यावर.

(फळी धरून फक्त पाय मारणारा एक धावपटू. तो जागचा फारसा हलत नाही.)

हा उत्तम धावतो. पण धावून-धावून त्याचे घोटे ताठ झालेत. जमिनीवर हाच ताठपणा स्प्रिंगसारखा उपयोगी पडतो; पाण्यात मात्र पाऊल मागे सरळ होत नाही, आकड्यासारखं अडतं. अशा माणसाने लांब धावण्याच्या दुसऱ्या दिवशी जोरात पाय मारायचा सराव केला, की पोटरीत गोळा आलाच म्हणून समजा. तो सराव वेगळ्या दिवशी ठेवा, आणि घोट्यांचे ताण रोज द्या. शर्यतीत तर लांब अंतराचे बरेच पोहणारे हातांच्या एका पूर्ण फेरीला दोनदाच पाय मारतात. पुढे पायांना मोठं काम असतं.

किती मोठं? ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं 2000 साली, सिडनीत. अंतरं होती 1500 मीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल, 10 किलोमीटर धावणं. त्यात पोहण्याला जातो एकूण वेळेचा जेमतेम पाचवा हिस्सा. हा हिशोब पाहून बरेच जण पोहण्याच्या सरावावरच पाणी सोडतात. मला हे फार खटकतं. पाण्यातून धापा टाकत बाहेर आलेला माणूस उरलेले चार हिस्से त्या दमछाकीतच काढतो. त्यातही आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा चाळीस-चाळीस मिनिटं पोहा. पाण्याचा अंदाज हातांना येतो तो वरचेवर उतरल्यानेच.

(संथ पोहणं. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा.)

आता दुसरं पोहणं. काल लांब धावणं झालंय, जिना उतरताना मांड्या बोलतायत. अशा दिवशी वीस-पंचवीस मिनिटं, घड्याळ न बघता. इथे पावलांवर आदळआपट नाही, शरीर आडवं आहे आणि पाण्याचा दाब पायांतलं रक्त हृदयाकडे परतायला मदत करतो. पाण्यात ठोके साधारणपणे धावण्यापेक्षा कमीच पडतात, म्हणून धावतानाचे आकडे इथे लावू नका.

25 सप्टेंबर 1974 रोजी सॅन दिएगोच्या मिशन बेमध्ये 46 जण एका नव्याच शर्यतीला उतरले. आधुनिक ट्रायथलॉनची सुरुवात तिथली मानतात. तिथे आधी धावणं होतं, मग सायकल आणि त्यानंतर पोहणं. आज पोहणं पहिलं असतं, आणि ते योग्यच आहे. दमून पेटके आलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला बसता येतं, खोल पाण्यात नाही.

पण पोहणं पहिलं आल्यामुळे एक अवघड क्षण वाट्याला येतो.

(किनारा. एक खेळाडू पाण्यातून उठून उभी राहते, क्षणभर तोल जातो.)

इतका वेळ ती आडवी होती आणि सगळं काम हात-खांदे करत होते. अचानक उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, तो सगळे करतात. पाण्यातून सायकलवर जाण्याचा सराव फार थोडे करतात. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय जरा जास्त हलवायचे, म्हणजे ते जागे होतात. बाहेर येऊन चार पावलं शांत चालायची. आणि सायकलची पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर.

ती सायकलपाशी पोहोचते. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकल हलवायची नाही, असा नियम आहे. ओली, गारठलेली बोटं बकल शोधतात. एकदा निसटतं. पुन्हा निसटतं. ती थांबते, श्वास सोडते, हनुवटी वर करते.

टक्.

आता हात सायकलला लागतो.